पडद्याच्या दोन बाजू : ब्रिटनमधील युद्धकालीन प्रकाशबंदी आणि कामाच्या जागेतील खिडकी (१९३९–१९४५)

सारांश

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटनमध्ये १ सप्टेंबर १९३९ पासून प्रकाशबंदी लागू झाली. कारखाने, कार्यालये व दुकाने यांच्या प्रत्येक खिडकीवर प्रकाश अडविणारे आवरण बसविणे त्यामुळे कायद्याने बंधनकारक ठरले. आवरणाची निवड बाहेरून पाहणाऱ्याच्या दृष्टीने केली गेली. त्या आवरणाआड दिवसाचे दहा-बारा तास काम करणाऱ्यांचा विचार मागाहून झाला. प्रस्तुत निबंधात या निवडीचा इतिहास, तिचे कामगारांवर झालेले परिणाम, त्यातून पुढे आलेले कायदे व मानके आणि त्यांचा भारतीय संदर्भ यांचा परामर्श घेतला आहे. आजच्या व्यापारी इमारतींसाठी प्रकाशरोधक पडद्याचे कापड निवडताना लावले जाणारे निकष या अनुभवाच्या प्रकाशात समजून घेता येतात, असे येथे प्रतिपादन केले आहे.

बीजसंज्ञा : प्रकाशबंदी, ब्लॅकआउट, पडद्याचे कापड, कारखाना कायदा, वायुवीजन, व्यापारी इमारती.

प्रस्तावना

खिडकीवरचा पडदा ही इतिहासलेखनात सहसा दखल न घेतली जाणारी वस्तू आहे. युद्धाचा इतिहास सेनापती, तह आणि शस्त्रास्त्रे यांभोवती फिरतो, तर वास्तुकलेचा इतिहास भिंती, कमानी आणि छपरे यांभोवती. परंतु भौतिक संस्कृतीच्या अभ्यासाने हे दाखवून दिले आहे की, दैनंदिन वापरातील सामान्य वस्तूंमधून राज्यसंस्था, उद्योग आणि श्रमिक यांचे परस्परसंबंध अधिक स्पष्टपणे वाचता येतात. युद्धकालीन ब्रिटनमधील काळा पडदा ही अशीच एक वस्तू होय.

प्रस्तुत निबंधाची उद्दिष्टे तीन आहेत. प्रकाशबंदीच्या काळात कामाच्या जागांसाठी प्रकाशरोधक आवरणांची निवड कोणत्या निकषांवर झाली याचा शोध घेणे, हे पहिले. त्या निवडीचे आत काम करणाऱ्यांवर काय परिणाम झाले हे तपासणे, हे दुसरे. या अनुभवातून पुढे आलेली विचारधारा भारतातील कायदे व आजची व्यापारी इमारत यांच्यापर्यंत कशी पोहोचली हे पाहणे, हे तिसरे. मांडणी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीने केली आहे.

युद्धपूर्व पार्श्वभूमी

एकोणिसाव्या शतकात ब्रिटन व अमेरिकेतील दुकाने आणि कार्यालये यांच्या खिडक्यांना 'हॉलंड' नावाच्या कापडाचे पडदे लावण्याची पद्धत रूढ होती. हे मूलतः तागाचे साध्या विणीचे कापड असे आणि त्याला खळ व तेल देऊन त्याची छिद्रे बुजविली जात. १८६४ मध्ये अमेरिकेत स्ट्युअर्ट हार्टशॉर्न यांनी स्प्रिंगवर चालणाऱ्या गुंडाळी-दांडीचे पेटंट घेतले. त्यानंतर पडदा हव्या त्या उंचीवर थांबविणे सोपे झाले. या पडद्यांचे प्रयोजन मर्यादित होते. मालाचा रंग उन्हाने उडू नये, लिहिणाऱ्याच्या डोळ्यांवर तिरीप येऊ नये, एवढेच त्यांच्याकडून अपेक्षित असे. प्रकाश पूर्णपणे अडविण्याची गरज छायाचित्रकाराची काळोखी खोली किंवा नाट्यगृह अशा मोजक्या ठिकाणीच भासत असे.

कारखान्यांची स्थिती याहून वेगळी होती. यंत्रशाळा व विणकामाच्या शेडना करवतीच्या दात्यांसारखे छप्पर असे आणि प्रत्येक दात्याची काचेची बाजू उत्तरेकडे ठेवलेली असे. उत्तर गोलार्धात या दिशेने थेट ऊन न येता दिवसभर सम प्रकाश मिळतो. मुंबईच्या गिरणगावातील विणकाम खात्यांची छपरेही याच तत्त्वावर बांधलेली होती. म्हणजेच औद्योगिक इमारतीची मूळ कल्पनाच अशी होती की, प्रकाश आत यावा आणि तो वरून, मुबलक यावा. १९३९ मध्ये याच कल्पनेवर आघात झाला.

पहिल्या महायुद्धात याची पूर्वसूचना मिळाली होती. लंडनमधील दिवे १९१४ च्या शरद ऋतूपासून मंद करण्यात आले आणि जानेवारी १९१५ मध्ये जर्मन झेपेलिन विमानांचा ब्रिटनवरील पहिला हल्ला झाला. तथापि, त्या काळात दिवे मंद करण्यावर भर होता. संपूर्ण देश अंधारात बुडविण्याची कल्पना दोन महायुद्धांच्या दरम्यान विकसित झाली. बॉम्बफेकी विमानांना अडविणे अशक्य आहे, अशी धारणा त्या वेळी प्रबळ होती आणि १९३२ मध्ये स्टॅन्ली बाल्डविन यांनी ती संसदेत बोलूनही दाखविली होती. विमान अडविता येत नसेल, तर त्याचे लक्ष्य लपविणे एवढाच उपाय उरतो, हा तिचा तार्किक परिणाम होता.

प्रकाशबंदीची सिद्धता

ब्रिटिश गृहखात्याने १९३५ मध्ये हवाई हल्ल्यांपासून बचावासाठी स्वतंत्र विभाग स्थापन केला. १९३७ मध्ये यासंबंधीचा कायदा संमत होऊन स्थानिक संस्थांवर जबाबदारी टाकण्यात आली. जुलै १९३९ मध्ये नागरिकांना वाटलेल्या माहितीपत्रकांपैकी एकात विषारी वायूपासून बचाव करणाऱ्या मुखवट्याबरोबरच खिडक्या झाकण्याच्या सूचना होत्या. जाड, गडद रंगाचे पडदे वापरावेत, ते चौकटीला घट्ट बसावेत आणि पडदे शक्य नसतील तेथे काळा कागद किंवा रंग वापरावा, असा त्यांचा आशय होता.

युद्धाची औपचारिक घोषणा ३ सप्टेंबर १९३९ रोजी झाली. प्रकाशबंदी मात्र दोन दिवस आधीच, १ सप्टेंबर रोजी अमलात आली होती. तिची अंमलबजावणी रस्त्यावर फिरणारे पोलीस आणि वॉर्डन करीत. फटीतून प्रकाशाची रेघ दिसली की दारावर थाप पडे आणि वारंवार चूक झाल्यास दंड होई. येथे एक बाब विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. कायद्याच्या दृष्टीने पडदा चांगला की वाईट, हे ठरविणारी एकमेव जागा म्हणजे इमारतीबाहेरचा रस्ता होय. बाहेरून अंधार दिसला की पडदा उत्तीर्ण ठरे. आत हवा किती, उष्णता किती, प्रकाश किती, हे प्रश्न त्या परीक्षेत नव्हते.

कापडाची निवड : विणकाम, रंग आणि फट

प्रकाश अडविण्याची कापडाची क्षमता तीन गोष्टींवर अवलंबून असते. धाग्यांची दाटी, विणीचा प्रकार आणि रंग किंवा लेप या त्या तीन गोष्टी. साध्या विणीत ताणा व बाणा एकाआड एक वर-खाली जातात. त्यामुळे प्रत्येक चौकोनात सूक्ष्म छिद्र राहण्याची शक्यता असते. साटीन विणीत धागा अनेक धाग्यांवरून तरंगत जातो. धागे एकमेकांना चिकटून बसतात आणि छिद्रे झाकली जातात. युद्धकाळातील पडद्यांसाठी काळ्या रंगाचे दाट विणीचे सुती कापड मोठ्या प्रमाणावर वापरले गेले, त्यामागे हे विणकामाचे गणित होते. सूत उपलब्ध होते, लँकेशायरमध्ये माग होते आणि रेशीम किंवा लोकर यांच्या तुलनेत सुती कापड स्वस्त होते. जून १९४१ मध्ये कपड्यांचे रेशनिंग सुरू झाल्यावरही प्रकाशबंदीचे कापड कुपनांशिवाय मिळत असे. त्यामुळे त्याचे कपडे शिवून वापरण्याची चाल पडली. पडद्यासाठी विणलेले कापड अशा रीतीने अंगावर आले.

काळा रंग हा वेगळा प्रश्न होता. सुती कापडाला स्वस्तात पक्का काळा रंग देण्यासाठी 'सल्फर ब्लॅक' वर्गातील रंग वापरला जाई. फ्रेंच रसायनज्ञ रेमों व्हिदाल यांनी १८९३ मध्ये या वर्गातील काळा रंग शोधला होता. या रंगाचा एक दोष रंगाऱ्यांना ठाऊक होता. उष्ण व दमट जागी कापड दीर्घकाळ राहिल्यास रंगातील गंधकाचे ऑक्सिडीकरण होऊन अल्प प्रमाणात गंधकाम्ल तयार होते आणि सुताचे तंतू कमकुवत होतात. कापड काळेच दिसते, पण ताणले की फाटते. थोड्या महिन्यांसाठी निवडलेली वस्तू जेव्हा वर्षानुवर्षे वापरावी लागते, तेव्हा टिकाऊपणा हाही निवडीचा निकष असतो, हे यावरून दिसते. पडदे धुण्याविषयीही अशीच अडचण होती. धुतल्यावर कापडातून प्रकाश निसटू लागे. म्हणून ते धुण्याऐवजी झटकून, ब्रशने साफ करून इस्त्री करण्याचा सल्ला दिला जाई. काळ्या कापडात साठलेली धूळ त्यामुळे कामाच्या खोलीतच राही.

व्यवहारात कापडापेक्षा कडा अधिक त्रासदायक ठरत. कापड कितीही दाट असले तरी पडदा आणि चौकट यांमधील फट, शिवणीतील सुईची छिद्रे आणि दोन पडद्यांमधील जोड येथून प्रकाश बाहेर पडे. म्हणून मोठ्या खिडक्यांवर लाकडी चौकटीत ताणलेला काळा कागद किंवा पुठ्ठा घट्ट बसविण्याचा मार्ग अनेकांनी पत्करला. दुकानांच्या दारांशी दोन पडद्यांची ओवरी करावी लागे, जेणेकरून ग्राहक आत येताना एक पडदा उघडला तरी दुसरा मिटलेला राही. आजही प्रकाशरोधक पडदा विकत घेणारा केवळ कापडाचा नमुना उजेडासमोर धरून पाहतो. बाजूच्या खाचा, तळपट्टी आणि वरची पेटी यांकडे तो दुर्लक्ष करतो. मग शंभर टक्के प्रकाशरोधक कापड लावूनही खोलीत उजेडाच्या रेघा राहतात. १९३९ च्या वॉर्डनला हे पहिल्याच रात्री कळले होते.

अग्नीचा धोका हा आणखी एक निकष होता. सुती कापड, कागद आणि डांबरी आवरणे ही सर्व ज्वलनशील आहेत. कापडाला क्षारांच्या द्रावणात बुडवून ज्वालारोधक करण्याची विद्या जुनी होती. १८२१ मध्ये गे-ल्युसॅक यांनी नाट्यगृहांतील पडद्यांसाठी अमोनियम फॉस्फेट व टाकणखार यांसारख्या क्षारांचे प्रयोग केले होते. परंतु हे क्षार पाण्यात विरघळतात आणि कापड भिजले की संरक्षण संपते. सप्टेंबर १९३९ मध्ये लक्षावधी खिडक्यांवर जे लागले, त्यात ज्वालारोधकतेपेक्षा उपलब्धतेला प्राधान्य मिळणे अपरिहार्य होते.

आतली बाजू : कारखाना

घरात पडदा संध्याकाळी ओढून सकाळी उघडता येतो. कारखान्याच्या छपरावरील हजारो चौरस फूट काच रोज झाकणे व उघडणे मात्र जवळजवळ अशक्य होते. म्हणून अनेक कारखान्यांनी छपराच्या काचांना कायमचा काळा रंग दिला. याचा परिणाम असा झाला की, रात्रीच्या प्रकाशबंदीसाठी दिवसाचा प्रकाशही बंद झाला. भर दुपारी कामगार दिव्यांखाली काम करू लागले. हिवाळ्यात तर पहाटे अंधारात कामावर यायचे, दिवसभर काळ्या छपराखाली राहायचे आणि अंधारातच परतायचे, असा त्यांचा दिनक्रम झाला.

हवेचा प्रश्न अधिक गंभीर होता. खिडकी ही प्रकाशाची वाट असते तशी ती हवेचीही वाट असते. प्रकाश अडविण्यासाठी तिच्यावर जे बसविले, त्याने हवाही अडविली. शास्त्रीयदृष्ट्या या दोहोंना वेगळे करता येते. प्रकाश सरळ रेषेत जातो, हवा मात्र वळणे घेऊ शकते. आतून निस्तेज काळा रंग दिलेल्या नागमोडी झरोक्यातून हवा वाहते आणि प्रकाश भिंतींत शोषला जातो. अशा झरोक्यांची रचना ज्ञात होती. पण त्यांना लाकूड, मजूर आणि वेळ लागत असे. काळ्या रंगाचा डबा स्वस्त होता.

येथे इतिहासाचा एक विरोधाभास दिसतो. कामाच्या जागेतील हवा, प्रकाश आणि थकवा यांच्या संबंधाविषयी ब्रिटनइतके व्यवस्थित ज्ञान त्या काळी फार थोड्या देशांकडे होते. पहिल्या महायुद्धात, १९१५ मध्ये, दारूगोळा कामगारांच्या आरोग्यासंबंधी समिती नेमण्यात आली होती. तिच्या कामातून १९१८ मध्ये औद्योगिक थकव्यावर संशोधन करणारे मंडळ स्थापन झाले. १९३७ च्या कारखाना कायद्याने वायुवीजन, तापमान आणि प्रकाश यांविषयी तरतुदी केल्या होत्या. कामाच्या खोलीला प्रकाश देणाऱ्या खिडक्या व छपरातील काचा आतून आणि बाहेरून अशा दोन्ही बाजूंनी स्वच्छ व शक्यतो निर्वेध ठेवाव्यात, असे बंधन त्यात होते. ऊन किंवा तिरीप कमी करण्यासाठी काचेवर चुना फासण्यास वा आच्छादन घालण्यास मुभा होती. हा कायदा जुलै १९३८ मध्ये अमलात आला. चौदा महिन्यांनी त्याच काचा काळ्या झाल्या. जे कायद्याने स्वच्छ ठेवायचे, तेच संरक्षणाच्या आदेशाने झाकायचे, असा प्रसंग कारखानदारांवर आला.

१९४० च्या उन्हाळ्यात डंकर्कनंतर युद्धसामग्रीच्या कारखान्यांत कामाचे तास बेसुमार वाढले. आठवड्याला सत्तर तासांपर्यंत आणि काही ठिकाणी त्याहूनही अधिक काम झाले. आरंभी उत्पादन वाढले, पण थोड्याच आठवड्यांत ते घसरू लागले. जून १९४० मध्ये कारखाना निरीक्षण विभाग गृहखात्याकडून अर्नेस्ट बेव्हिन यांच्या श्रम मंत्रालयाकडे आला. कामगारांचे कल्याण हा उत्पादनाचाच भाग आहे, ही दृष्टी त्यानंतर प्रशासनात अधिक ठळक झाली. १९४१ मध्ये कारखान्यांतील प्रकाशाच्या मानकांविषयी नियम करण्यात आले आणि कामाच्या जागी किमान ६ फूट-कँडल प्रकाश असावा, असे ठरले. आजच्या परिभाषेत हे सुमारे ६५ लक्स होतात. कार्यालयांसाठी आज सामान्यतः ३०० ते ५०० लक्सची शिफारस केली जाते. त्या तुलनेत हा आकडा अत्यल्प वाटतो. परंतु त्याचे ऐतिहासिक महत्त्व वेगळे आहे. बाहेर शून्य प्रकाश दिसला पाहिजे, या आदेशाच्या जोडीला आत अमुक इतका प्रकाश असलाच पाहिजे, हा आदेश प्रथमच आकड्यात उभा राहिला. पडद्याच्या आतल्या बाजूला कायद्यात स्थान मिळाले.

आरोग्यावरील परिणामांविषयी सावधपणे बोलणे आवश्यक आहे. इंग्लंड व वेल्समध्ये १९४० आणि १९४१ या वर्षांत क्षयरोगाने होणारे मृत्यू वाढले आणि वैद्यकीय संशोधन परिषदेच्या समितीने १९४२ मध्ये युद्धकालीन क्षयरोगावर अहवाल दिला. या वाढीची कारणे अनेक होती. रुग्णालयांतील खाटा रिकाम्या करण्यासाठी रुग्णांना घरी पाठविणे, दाटीची वस्ती, दीर्घ श्रम आणि आहार हे सर्व घटक त्यात होते. एकट्या पडद्यावर हा दोष टाकणे इतिहासाला धरून होणार नाही. परंतु बंद खोलीत अनेकांनी दीर्घकाळ एकच हवा घेणे हे श्वसनरोगांच्या प्रसाराला पोषक असते, हे त्या काळच्या वैद्यकालाही मान्य होते.

कार्यालये आणि दुकाने

कारखान्यातील कामगाराला निदान १९३७ च्या कायद्याचा आधार होता. कार्यालयातील कारकून आणि टंकलेखक यांना तसा स्वतंत्र कायदा नव्हता. गॉवर्स समितीने १९४९ मध्ये या उणिवेकडे लक्ष वेधले आणि कार्यालये, दुकाने व रेल्वेच्या जागा यांसाठीचा कायदा १९६३ मध्ये संमत झाला. युद्धाची सहा वर्षे आणि त्यानंतरची जवळजवळ दोन दशके कार्यालयाची खिडकी ही मालकाच्या मर्जीवर राहिली.

लंडनच्या व्यापारी केंद्राने आणखी एक धडा शिकविला. २९ डिसेंबर १९४० च्या रविवारी रात्री सिटी भागावर आग लावणाऱ्या बॉम्बचा मोठा वर्षाव झाला. सुटीमुळे अनेक कार्यालये व गोदामे कुलूपबंद होती आणि आत आग विझविणारे कोणी नव्हते. या घटनेनंतर व्यापारी इमारतींत रात्रीचा अग्निपहारा सक्तीचा करण्यात आला. खिडक्या नियमाप्रमाणे काळ्या होत्या. इमारती मात्र वाचल्या नाहीत.

प्रकाशबंदीची उपयुक्तता : एक मूल्यमापन

प्रकाशबंदी निरर्थक होती, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. उजळलेले शहर हे विमानचालकाला दुरून दिसणारे चिन्ह असते आणि १९३९ मध्ये कोणतेही जबाबदार शासन तो धोका पत्करू शकले नसते. परंतु तिच्या मर्यादाही लवकरच उघड झाल्या. सप्टेंबर १९३९ मध्ये ब्रिटनमधील रस्ते अपघातांतील मृत्यू आदल्या वर्षीच्या सप्टेंबरच्या तुलनेत सुमारे दुपटीवर गेले. १४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री कॉव्हेंट्रीवर जो विध्वंसक हल्ला झाला, त्यात जर्मन मार्गदर्शक विमानांनी रेडिओ-किरणांचा उपयोग केला आणि रात्र चांदणी होती. रेडिओ आणि चंद्र या दोहोंपुढे काळे कापड असमर्थ होते.

म्हणजेच बाहेरचा लाभ परिस्थितीनुसार बदलत होता, तर आतली किंमत रोज मोजावी लागत होती. १७ सप्टेंबर १९४४ पासून प्रकाशबंदी बहुतांश भागात शिथिल झाली आणि १९४५ च्या वसंतात ती संपुष्टात आली. छपरांवरचा रंग खरवडण्याचे काम उरले.

युद्धोत्तर काळ : बाहेरच्या प्रेक्षकाचे पुनरागमन

युद्धानंतर वॉर्डन गेला, पण बाहेरून पाहणारा दुसऱ्या रूपात परत आला. न्यूयॉर्कमध्ये १९५२ साली लिव्हर हाऊस ही बंद काचेच्या आवरणाची कार्यालयीन इमारत उभी राहिली. १९५८ मध्ये मीस व्हान डेर रोह यांची सीग्रॅम इमारत पूर्ण झाली. तिच्या खिडक्यांवरील पडदे पूर्ण उघडे, अर्धे किंवा पूर्ण बंद अशा तीनच स्थितींत थांबू शकत. रस्त्यावरून पाहताना दर्शनी भाग अस्ताव्यस्त दिसू नये, हा त्यामागील हेतू होता. आत बसलेल्या कर्मचाऱ्याला पाऊण पडदा हवा असेल तर त्याची सोय नव्हती. युद्धकाळात सुरक्षेसाठी आणि शांततेच्या काळात सौंदर्यासाठी, निकष मात्र बाहेरचाच राहिला.

आतल्या बाजूचे शास्त्र पुढील दशकांत हळूहळू आकाराला आले. आज कार्यालयीन पडद्यांसाठी पीव्हीसीचा लेप दिलेल्या काचतंतूंची किंवा पॉलिएस्टरची जाळीदार कापडे वापरली जातात आणि विणीतील छिद्रांचे प्रमाण टक्क्यांत सांगितले जाते. एक ते तीन टक्के छिद्रे असलेले कापड तिरीप चांगली रोखते, दहा टक्क्यांचे कापड बाहेरचे दृश्य अधिक दाखविते. गडद कापडातून बाहेरचे स्पष्ट दिसते आणि डोळे कमी दिपतात, पण ते उष्णता शोषून घेते. फिकट कापड उष्णता परतविते, पण उन्हात स्वतःच उजळते. पूर्ण प्रकाशरोधक कापडाला पाठीमागून पांढरा, काळा व पुन्हा पांढरा असे लेपाचे थर देतात. मधला काळा थर प्रकाश अडवितो आणि पांढरा थर उष्णता परतवितो. पडदा काचेच्या आत असेल तर ऊन आधीच खोलीत शिरलेले असते. म्हणून बाहेरची सावली आतल्या पडद्यापेक्षा उष्णतेविरुद्ध अधिक प्रभावी ठरते. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आणि २०२१ मध्ये सुधारलेल्या ईएन १४५०१ या युरोपीय मानकात उष्णताविषयक आणि दृष्टीविषयक सुखाचे वेगवेगळे वर्ग केले आहेत. तिरीप, बाहेरचे दृश्य, रात्रीचा खासगीपणा आणि दिवसाच्या प्रकाशाचा वापर हे त्यातील घटक आहेत. यांतील बहुतेक निकष खोलीत बसलेल्या माणसाच्या जागेवरून मोजले जातात, ही बाब या निबंधाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

भारतीय संदर्भ

जपान युद्धात उतरल्यावर, १९४२ मध्ये भारताच्या पूर्व किनाऱ्यावर बॉम्ब पडले आणि मुंबईसह मोठ्या शहरांत दिव्यांवर निर्बंध आले. १९४३ मध्ये सुती कापड व सूत नियंत्रण आदेश निघाला. कापडाची टंचाई असलेल्या देशात खिडकीसाठी काळे कापड ही चैन होती आणि कागद हाच सर्वसामान्यांचा मार्ग होता. १९६५ व १९७१ च्या युद्धांतही मुंबईत खिडक्यांच्या तावदानांवर काळे वा तपकिरी कागद चिकटविले गेले. ज्येष्ठ पिढीच्या स्मरणात ते कागद आजही आहेत. १९६८ मध्ये नागरी संरक्षण कायदा संमत झाला. ७ मे २०२५ रोजी देशभर झालेल्या नागरी संरक्षण सरावात अनेक ठिकाणी पुन्हा दिवे विझविण्यात आले. काचेच्या मनोऱ्यांतील आजची कार्यालये पाहता, हा विषय केवळ भूतकाळाचा राहिलेला नाही.

ब्रिटिश अनुभवाचा दुसरा वारसा कायद्यातून आला. १९४८ च्या भारतीय कारखाना कायद्यात प्रकाश देणाऱ्या काचा आतून-बाहेरून स्वच्छ व निर्वेध ठेवण्याची तरतूद १९३७ च्या ब्रिटिश कायद्याशी नाते सांगणारी होती. त्याच जोडीला तिरीप रोखण्याची आणि वायुवीजनाचीही तरतूद होती. त्याच वर्षीच्या मुंबई दुकाने व आस्थापना कायद्यानेही हवा आणि प्रकाश यांची दखल घेतली. ब्रिटनमधील कार्यालयीन कर्मचाऱ्यांना १९६३ पर्यंत थांबावे लागले, हे लक्षात घेता मुंबईतील कारकुनाला हे संरक्षण आधी मिळाले होते. मुंबईच्या कायद्याची जागा पुढे २०१७ च्या महाराष्ट्र कायद्याने घेतली आणि कारखाना कायदा २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत विलीन झाला. मे २००७ मध्ये जाहीर झालेल्या ऊर्जा संवर्धन इमारत संहितेने काचेतून येणाऱ्या उष्णतेवर मर्यादा घातली आणि खिडकीवरील सज्जाला गणितात श्रेय दिले. जुन्या इमारतींतील छज्जा आणि झिलमिली हेच काम संहितेवाचून करीत होत्या.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

१. १९३९ मधील प्रकाशरोधक आवरणांची निवड बाहेरून पाहणाऱ्याच्या एकमेव निकषावर झाली. त्या निकषावर ती बव्हंशी यशस्वी ठरली, पण हवा, दिवसाचा प्रकाश आणि स्वच्छता यांची किंमत आतल्या कामगारांनी मोजली.

२. आवश्यक ज्ञान उपलब्ध असूनही ते निवडीत उतरले नाही. नागमोडी झरोका ठाऊक होता, तरी काळा रंग स्वस्त पडला. १९४१ च्या प्रकाश-नियमांनी ही चूक अंशतः सुधारली.

३. कापड हे एकटे कधीच प्रकाश अडवीत नाही. चौकट, कडा, वायुवीजन, अग्निरोधकता आणि टिकाऊपणा यांसह ते एक व्यवस्था बनते.

४. आजच्या व्यापारी इमारतीत, महाविद्यालयाच्या सभागृहात किंवा प्रक्षेपकाच्या वर्गखोलीतही पडदा निवडताना हेच प्रश्न उभे राहतात. पडदा मिटल्यावर खिडकी उघडता येते का, हवा कोठून येते, कापड पेट घेते का आणि पडद्याची दोरी कोणाच्या हाती आहे, हे खरेदीपूर्वी विचारले गेले पाहिजे.

पडद्याला दोन बाजू असतात. वॉर्डनने, वास्तुरचनाकाराने आणि कधी कधी खरेदी समितीनेही त्याची बाहेरची बाजू पाहिली. दिवसभर आतल्या बाजूकडे तोंड करून बसणाऱ्यांचे मत मात्र क्वचितच विचारले गेले. इतिहासाने नोंदवून ठेवलेली ही उणीव भरून काढणे आजच्या निर्णयकर्त्यांच्या हाती आहे.